कडी डब्यातला बेस

लालबाग,
९ फेब्रुवारी २०२५

आदरणीय फेलिक्स सर,

नमस्कार. मी तुमच्या शिष्याचा, हितेंद्र परबचा मोठा भाऊ, धनेश. आपली गाठ एकदाच पडली आहे, आमच्या आईच्या तेराव्याला. तुम्ही हितूबरोबर जिन्यात उभे होतात.

हितू गेला हे तुम्हाला पथकातल्या आल्विनकडून कळलं असेल. नोव्हेंबरात, झोपेतच. डॉक्टर म्हणाले, हृदय. त्याच्या मोबाइलमध्ये तुमचा नंबर होता, त्यावर मी बरेचदा फोन केला. कोणी उचलत नाही. मेसेज पाठवला, तो वाचल्याची खूण उमटली नाही. शेवटी आल्विनने माहीमचा पत्ता दिला म्हणून हे पत्र. मला पत्रं लिहायची सवय नाही. कॉलेजच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत असिस्टंट म्हणून नोकरी झाली. तिथे लिहायचं ते ‘मिळाले’ आणि ‘नादुरुस्त’ एवढंच.

काम असं आहे. तुम्ही हितूला दिलेला, जुन्या रेडिओसारखा काचेच्या व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प बंद पडला आहे. आतला ट्रान्सफॉर्मर जळला. तसा आता मिळत नाही, आणि लॅमिंग्टन रोडवर जे असले ट्रान्सफॉर्मर गुंडाळून द्यायचे ते आता मोबाइलची कव्हरं विकतात. स्पीकर मात्र शाबूत आहे.

हितूची बेस गिटार त्याच्या शिष्येला, सलोनीला द्यायची आहे. तो तसं बोलून ठेवून गेला. ती परळला राहते आणि आमच्या इथल्या बेंजो पथकात वाजवणार आहे. गणपतीच्या आगमनाचा सराव जूनमध्ये सुरू होतो, तेव्हा ती गिटार न्यायला येईल. त्याआधी मला एक प्रीअ‍ॅम्प बनवायचा आहे. गिटार आणि पथकाचा साधा अ‍ॅम्प यांच्या मध्ये बसणारा छोटा डबा. ट्रान्झिस्टरवर चालेल, पण आवाज तुमच्या व्हॉल्व्हसारखा ऊबदार देईल. तो सलोनीच्याच उपयोगाचा आहे. पण खरं सांगायचं तर गिटार घरातून जाण्याआधी हितूचा आवाज मला एकदा ऐकायचा आहे. मोबाइलवरच्या रेकॉर्डिंगमध्ये नुसता बेंजो आणि ढोल. बेसचा खर्ज त्यात येतच नाही.

आमच्या दोघांच्या खोल्या शेजारी शेजारी. संध्याकाळी तो वाजवायला बसला की माझी बायको, सीमा, चपात्या करता करता भिंतीवर लाटणं आपटायची. आवाज कमी करा, म्हणून. तो पलीकडून दोन सूर वाजवायचा, एक वरचा, एक खालचा, आणि मग आवाज कमी करायचा. वर्षानुवर्षं हे चाललं. आता ती त्या वेळेला टीव्ही लावते.

तुमच्याकडे त्या अ‍ॅम्पच्या सर्किटचा नकाशा आहे का? नसल्यास मी बनवून रेकॉर्डिंग पाठवीन, तुम्ही ऐकून सांगावं.

आपला,
धनेश परब

*

माहीम,
१८ फेब्रुवारी

प्रिय धनेश,

तुमचं पत्र मिळालं. दोनदा वाचलं, मग चष्मा पुसून परत वाचलं.

हितूचं आल्विनने कळवलं होतं. मी आलो नाही. ‘येऊ शकलो नाही’ असं लिहीत नाही, कारण माहीम ते लालबाग म्हणजे काही लंडन नाही. आत्ता त्याबद्दल विचारू नका.

फोन माझ्या भाचीकडे, सॅन्ड्राकडे असतो आणि ती दिवसभर ऑफिसात. तुम्ही पत्रच लिहा. पोस्टमन दारात आला की शेजारच्या एडनाला वाटतं मला कोर्टाचं समन्स आलं. तेवढीच तिची करमणूक.

नकाशा नाही. गिरगावात आमच्या वाडीच्या तोंडाशी एक रेडिओवाला होता, त्याने तो अ‍ॅम्प माझ्यासाठी बांधला. नकाशा त्याच्या डोक्यात होता, आणि तो डोक्यासकट वर गेला.

रेकॉर्डिंग पाठवू नका. मोबाइलमध्ये बेस येत नाही हे तुम्हीच म्हणता. आवाज कसा आहे ते कागदावर लिहा. ‘बरा आहे’, ‘छान आहे’ चालणार नाही. तो कशासारखा आहे, शरीराला कुठे लागतो, स्पीकरच्या पेटीवर हात ठेवला तर हाताला काय कळतं, ते लिहा. मी त्यावरून सांगेन.

दोन गोष्टी. गिटारच्या तारा बदलू नका. त्या काळ्या पडल्यात म्हणून वहिनी चिंच घेऊन घासायला बसतील, त्यांना अडवा. आणि दुसरी, ट्रान्सफॉर्मर जळला तेव्हा वास कसला आला?

तुमचा,
फेलिक्स

*

लालबाग,
९ मार्च

फेलिक्स सर,

नमस्कार. तुम्ही म्हणालात तसं लिहून पाहतो.

लॅमिंग्टन रोडवरून दहाएक एफईटी आणले. हा ट्रान्झिस्टरचाच एक प्रकार, पण वागायला व्हॉल्व्हच्या जवळचा. कॉलेजात मुलांना दर वर्षी याचाच आलेख काढायला द्यायचो, त्यामुळे तो घरचाच वाटतो. सगळ्यांवर छाप एकच असते आणि प्रत्येकाचा स्वभाव निराळा. मोजून त्यातले दोन निवडले. नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या लावल्या. डबा सीमाने दिला. मी नोकरीवर जेवण न्यायचो तो स्टीलचा कडी डबा. स्टील असल्यामुळे ट्यूबलाइटची घरघर आत शिरत नाही.

मुलांना शिकवायचो तसंच केलं. एफईटीचा व्होल्टेज बॅटरीच्या बरोबर अर्ध्यावर ठेवला, म्हणजे आवाजाच्या लाटेला वर आणि खाली सारखीच जागा मिळते. आल्विनच्या ओळखीने एका दिवसापुरता ऑसिलोस्कोप आणला होता. त्यावर लाट वरून आणि खालून अगदी एकसारखी दिसली. पैकीच्या पैकी मार्क द्यावेत अशी.

आता आवाजाबद्दल. डबा पथकाच्या अ‍ॅम्पला आणि हितूच्या स्पीकरला जोडून जाड तार छेडली. आवाज लगेच आला, सगळाच्या सगळा आला आणि संपला. ऑफिसातल्या ट्यूबलाइटच्या उजेडासारखा होता, पांढरा. पेटीवर हात ठेवला तर बोटांना धक्का लागतो, तळव्याला काही कळत नाही.

हितूचा असा नव्हता. त्याचा आवाज आधी ऐकू यायचाच नाही. पाठीला काहीतरी आहे असं वाटायचं, आणि मग लक्षात यायचं की तो वाजवतोय. गोल होता. कापसातून यावा तसा. त्याला कडा नव्हत्या.

एवढं लिहायला मला दोन संध्याकाळी लागल्या. सीमाने विचारलं, कोणाला लिहिताय एवढं? म्हटलं, हितूच्या सरांना. ती म्हणाली, “भावजींचं नाव घरात काढत नाय तुम्ही, आणि माहीमला पानंच्या पानं धाडताय.”

वास जळक्या वार्निशचा होता. अ‍ॅम्प अचानक गेला.

आपला,
धनेश

*

माहीम,
१७ मार्च

प्रिय धनेश,

‘पाठीला काहीतरी आहे असं वाटायचं.’ हे वाक्य मी एडनाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, माझ्या पाठीला पण वाटतं, डॉक्टरने गोळ्या दिल्यात. तिला संगीतातलं काही कळत नाही. तुम्हाला कळतं. लिहीत राहा.

तो अ‍ॅम्प माझ्याकडे वीस वर्षं होता. मी तो लग्नांत वाजवला, नाताळच्या डान्सला वाजवला, एकदा आमच्या वाडीच्या जिन्यावरून खाली सोडला. ट्रान्सफॉर्मरला काही झालं नाही. जळकं वार्निश म्हणजे तो आतून फुटला, आणि तो तसा एकाच कारणाने फुटतो. स्पीकर जोडलेला नसताना कोणी तार छेडली तर. तुम्हा ट्रान्झिस्टरवाल्यांना हे सुचत नाही, कारण तुमचे अ‍ॅम्प स्पीकरशिवाय चालू ठेवले तरी गप्प बसतात. व्हॉल्व्हचं तसं नाही. त्याच्या ताकदीला बाहेर जायला वाट मिळाली नाही की तो स्वतःलाच जाळून घेतो.

तुम्ही स्पीकर काढला होतात. मी रागावलेलो नाही. अ‍ॅम्प हितूला दिला तेव्हाच तो माझा राहिला नव्हता. फक्त का काढलात, ते जमलं तर सांगा.

आता कामाचं. तुम्ही तो मधोमध ठेवलात, तिथेच गडबड आहे. आमचा रेडिओवाला म्हणायचा, व्हॉल्व्ह कधी सरळ उभा राहत नाही. बाजारात थांबलेल्या बाईसारखा एका कमरेवर भार देऊन उभा असतो. म्हणून लाट एका बाजूने आधी दबते आणि दुसऱ्या बाजूने मोकळी राहते. तुम्ही ज्याला ऊब म्हणता ती तिथून येते. किती कलता ठेवायचा ते मला माहीत नाही, ते गणित तुमचं. मला एवढंच माहीत आहे की स्कोपवर तो वाकडा दिसेल. दिसू दे.

तुमचा,
फेलिक्स

*

लालबाग,
२१ एप्रिल

फेलिक्स सर,

उत्तराला उशीर झाला.

स्पीकर मी काढला होता. हितूचे दिवस चालू होते. सुतकात आमच्याकडे वाद्य वाजवत नाहीत, रेडिओही लावत नाहीत. मी त्याच्या खोलीत एकटा होतो. ते व्हॉल्व्ह पेटलेले बघावेत असं वाटलं, दुसरं काही नाही. आवाज व्हायला नको म्हणून स्पीकरची पिन काढली आणि बटण दाबलं. व्हॉल्व्ह हळूहळू लाल झाले. मग गिटार जोडून जाड तार छेडली. आवाज येणार नाही हे मला माहीत होतं. नाही आला, तेव्हा जोरात छेडली. का, ते सांगता येत नाही.

सीमाला यातलं काही माहीत नाही. तिला वाटतं, जुना होता, गेला.

आता डब्याबद्दल. अर्ध्यावरून सरकवत सरकवत दोन तृतीयांशाच्या आसपास आणला. स्क्रू एका हाताने फिरवायचा आणि दुसऱ्या हाताने तार छेडायची. एका जागी आल्यावर आवाज बदलला. दमून आलेला माणूस खुर्चीत टेकतो तसा तो खाली बसला. पेटीवर तळहाताला पहिल्यांदा काहीतरी लागलं. मांजर पोटाशी घेतल्यावर लागतं तसं. हे बरोबर लिहिलंय की नाही, माहीत नाही.

सलोनी रविवारी येते. तिने वाजवून पाहिलं. म्हणाली, “काका, सॉलिड झालाय. सर असते ना, तर डबाच ढापला असता.” मी विचारलं, हितूसारखा वाटतो का? ती म्हणाली, “हो की. सेम सर.” मुलगी चांगली आहे. मला बरं वाटावं म्हणून बोलते. कारण मी समोर स्टुलावर बसून ऐकत होतो आणि तो हितूचा आवाज नव्हता. त्याला कडा होत्या. प्रत्येक सुराच्या सुरुवातीला टक् असं काहीतरी लागत होतं.

म्हणून वरचा आवाज कापायला एक कपॅसिटर लावला. पुढच्या रविवारी त्याहून मोठा. मग आणखी एक. काल सलोनी थांबली आणि म्हणाली, “काका, रागावू नका, पण आता मी कुठला सूर वाजवते तेच मला कळत नाय. कुकरात भात शिजतोय असं वाटतं.” तिचं खरं होतं. कडा गेल्या आणि त्यांच्याबरोबर सगळंच गेलं. हितू काही आला नाही.

जून जवळ आला. माझ्या कानावर माझा भरवसा उरला नाही आणि सलोनी खरं बोलत नाही. तुमच्या कानावर सोडतो. मी डबा, गिटार, पथकाचा अ‍ॅम्प आणि लहान स्पीकर टॅक्सीत घालून माहीमला आणतो. तुम्ही ऐका आणि काय कमी आहे ते सांगा. कधी येऊ?

आपला,
धनेश

*

लालबाग,
११ मे

श्री. फेलिक्स यांस,

माझ्या एप्रिलच्या पत्राला तुमचं उत्तर आलं नाही. पत्र पोचलं नसेल असं समजून मी गेल्या रविवारी दुपारी सामान घेऊन माहीमला आलो होतो.

तुमची बेल वाजवली. पुन्हा वाजवली. शेजारचं दार बंद होतं. तुमची खिडकी उघडी होती, त्यातून तुम्ही पाठमोरे दिसलात. टेबलाशी बसून रेडिओ ऐकत होतात. रेडिओ एवढा मोठ्याने लावला होता की गल्लीत ऐकू येत होता, म्हणून मी खिडकीशी येऊन दोन-तीन हाका मारल्या. तुम्ही वळला नाहीत.

अ‍ॅम्प कसा जळला हे कळल्यावर तुम्हाला मला भेटावंसं वाटत नसेल, तर ते मी समजू शकतो. सुतकात हितूकडे येणंही तुम्ही टाळलंत, त्यालाही काही कारण असेल. मी त्याबद्दल विचारणार नाही. तुम्ही आत्तापर्यंत जे सांगितलंत त्याबद्दल आभारी आहे.

तुमचा अ‍ॅम्प आल्विनबरोबर परत पाठवतो. गिटार सलोनी घेऊन जाईल.

धनेश परब

*

माहीम,
१६ मे

धनेश,

आता मी तुला तू म्हणणार. हितूला म्हणायचो, आणि तू त्याचाच भाऊ आहेस, रुसायलासुद्धा.

मला ऐकू येत नाही. तू खिडकीशी तोफ उडवली असतीस तरी मी वळलो नसतो. डावा कान आधी गेला, मग उजवा. आयुष्यभर ड्रमवाल्याच्या झांजेशेजारी उभा राहिलो, त्याची ही बिदागी. कानात घालायचं यंत्र आहे. त्यातून सगळी माणसं पत्र्याच्या पिंपात बसून बोलतात. रेडिओ मी ऐकत नव्हतो. त्याच्यावर हात ठेवून बसलो होतो. त्यात बेस असला तर टेबलातून मनगटापर्यंत येतो. मी आवाज मोठा करतो आणि एडना चर्चमध्ये सगळ्यांना सांगते की फेलिक्सला वेड लागलं.

फोन म्हणून उचलत नाही. रेकॉर्डिंग नको म्हणालो तेही म्हणूनच. तुला लिहायला लावलं ते काही शिकवण्याची पद्धत नव्हती. मला दुसरा रस्ताच नव्हता. ‘मी येतो, तुम्ही ऐका’ असं तू लिहिलंस आणि मी उत्तर लिहायला घेऊन चार कागद फाडले. तेवढ्यात तू येऊनसुद्धा गेलास.

आणि हितू गेला तेव्हा का आलो नाही ते ऐक. अंगात कपडे घालून तयार होतो. मग डोळ्यांपुढे आलं, तुमच्या घरात तू किंवा वहिनी माझ्याशी हितूबद्दल काहीतरी बोलणार, हळू आवाजात, जसं अशा वेळी बोलतात. आणि मी कानाला हात लावून विचारणार, ‘काय? काय म्हणालात?’ मेलेल्या पोराच्या घरी ते मला जमलं नसतं. कपडे काढून ठेवले.

आता तुझ्या डब्याचं. तुझी सगळी पत्रं काल समोर मांडून वाचली. बहिऱ्या माणसाला वाचताना घाई नसते. तू हितूच्या आवाजाबद्दल एवढं लिहिलंस, कापूस, पाठ, गोल. पण त्याच्या नखाबद्दल एका अक्षराने लिहिलं नाहीस. हितू उजव्या तर्जनीचं नख वाढवायचा. प्रत्येक सुराला आधी तारेवर टक् लागायचं. मी त्याला त्यापायी शिव्या दिल्या, त्याने काही ते कापलं नाही. त्याच्यासमोर बसलेल्या कोणालाही आधी नख आठवेल. आणि तू लिहितोस की ‘टक् असं काहीतरी लागतं’, म्हणून तो हितू नव्हे. सलोनीने ते नखसुद्धा त्याच्याकडून उचललंय, मी सांगतो तुला. जाऊन तिची तर्जनी बघ.

मग मी तुझं पहिलं पत्र परत वाचलं. लाटण्याचं. तेव्हा हसून सोडून दिलं होतं.

धनेश, तू हितूला कधी समोर बसून ऐकलंस?

मला वाटतं, नाही. तू भिंतीच्या पलीकडे बसायचास. भिंत कडा खाते आणि खालचं पोट तेवढं पाठवते. तू एवढे दिवस डब्यात भिंत बांधत होतास, आणि ते कपॅसिटर आपले कुकर लावत होते.

ते सगळे काढ. पोरगी खरं बोलत होती. डबा बरोबर आहे. तू चुकीच्या खोलीत बसला होतास.

फेलिक्स

अ‍ॅम्प पाठवू नकोस. सॅन्ड्रा त्यावर कुंड्या ठेवेल.

*

लालबाग,
२ जून

फेलिक्स सर,

तुमच्या प्रश्नाचं उत्तर, कधीच नाही.

मी त्याच्या खोलीत गेलो की तो वाजवायचं थांबवायचा. त्याला माझ्यासमोर लाज वाटायची. ‘बस रे दादा, चहा घे’ म्हणायचा आणि गिटार बाजूला ठेवायचा. त्यामुळे मी जाणंच बंद केलं. पथकाबरोबर वाजवायचा तेव्हा त्या गर्दीत मला काही कळायचं नाही. कामावरून आल्यावर मी माझ्या पलंगावर भिंतीला पाठ लावून पेपर उघडायचो, तेवढंच माझं ऐकणं. मी ऐकतोय हे त्याला ठाऊक होतं की नाही, मला माहीत नाही.

कपॅसिटर काढले. सलोनीची तर्जनी पाहिली. नख आहे. म्हणाली, “सरांनी वाढवायला लावलं.” मी तुम्ही काय लिहिलंत ते सांगितल्यावर हसली.

काल संध्याकाळी ती आली. तिला म्हटलं, हितू रोज सरावाला जे वाजवायचा तेच वाजव, आवाजही त्याच्याएवढाच ठेव. तिला त्याच्या खोलीत बसवलं, दार ओढून घेतलं आणि आमच्या खोलीत येऊन पलंगावर बसलो. पेपर उघडला. हात कुठे ठेवावेत ते कळेना म्हणून. सीमा बाजारातून येऊन ओट्याशी चपात्या करायला लागली होती. टीव्ही लावायचा राहिला होता. तिला मी काही सांगितलं नव्हतं. सलोनी दर रविवारी खोलीत काहीतरी खटपट करते, तसंच काही असेल असं तिला वाटलं असणार.

तुम्हाला लिहायची आता सवय झाली आहे, म्हणून लिहितो. आधी काही ऐकू आलं नाही. खांद्यांच्या मध्ये, मणक्याला, कोणीतरी पलीकडून टेकून बसल्यासारखं वाटलं. पेपरचा कागद थरथरला. मग कळलं की ती वाजवतेय. टक् नव्हतं, कडा नव्हत्या. पंधरा वर्षांचा असताना हितू माझ्या पाठीला पाठ लावून अभ्यास करायचा, खोली लहान होती म्हणून. तसं होतं ते.

मी पेपर तसाच धरून ठेवला होता. किती वेळ, माहीत नाही.

सीमाने लाटणं उचललं आणि भिंतीवर आपटलं. दोनदा.

हात खाली आल्यावर आपण काय केलं ते तिला समजलं. ती माझ्याकडे बघायला लागली. मीही तिच्याकडे.

पलीकडे वाजायचं थांबलं. मग दोन सूर आले. एक वरचा, एक खालचा. आणि आवाज कमी झाला.

सलोनीला मी यातलं काहीच सांगून ठेवलं नव्हतं. ती त्या खोलीत पाच वर्षं शिकली. लाटणं वाजलं की सर काय करतात हे तिला पाठ होतं. तिने विचार न करता तेच केलं.

सीमा ओट्याशी तशीच उभी राहिली. तव्यावरची चपाती करपली, मीच उठून गॅस बंद केला. ती म्हणाली, “भावजींचा आवाज एवढा काही मोठा नसायचा. मी उगाच आपटायचे.” मग म्हणाली, “जेवला की नाय ते कळायचं त्याच्यावरून. जेवून बसला की सावकाश वाजवायचा.” हे मला माहीत नव्हतं. भिंतीच्या एकाच बाजूला बसून आम्ही दोघं निरनिराळं ऐकत होतो.

मग मी तिला सुतकातलं सांगितलं. स्पीकरची पिन काढल्याचं. ती म्हणाली, “वास आला होता मला. म्हटलं, बोलेल तेव्हा बोलेल.”

सलोनीला जेवायला थांबवून घेतलं. रात्री जाताना ती गिटार नेणार होती, पण खोलीतच ठेवून गेली. म्हणाली, “पथकाच्या हॉलला कुलूप नाय, काका. इथेच राहू दे. मी सरावाला येता-जाता घेईन. आणि रविवारी इथेच वाजवेन, चालेल ना?” डबाही ठेवून गेली. ते चालेल असं मी म्हटलं. सीमा म्हणाली, चपात्यांच्या वेळेला ये.

सर, पुढच्या रविवारी तुम्ही आमच्याकडे या. आल्विनला टॅक्सी घेऊन पाठवतो. कोणी तुमच्याशी हळू आवाजात बोलणार नाही. आमच्याकडे बोलण्यासारखं फारसं काही नसतंच. पलंग भिंतीला लागून आहे, त्यावर पाठ टेकून बसायचं. तिथे कान लागत नाहीत.

तुमचा,
धनेश

*

माहीम,
५ जून

प्रिय धनेश,

रविवारी येतो. सॅन्ड्राही येईन म्हणते आहे, पण तिला हितूच्या खोलीत सलोनीजवळ बसव. तिचे कान शाबूत आहेत, तिने भिंतीपाशी गर्दी करू नये. आल्विनला सांग, टॅक्सीत माझ्याशी बोलू नको, नुसता हात दाखव.

नोव्हेंबरात काढून ठेवलेले कपडे तेच घालणार आहे.

सलोनीला माझा निरोप दे. आवाज हितूने ठेवला नसता एवढा मोठा ठेव. शेजारचे तक्रार करतील, करू देत.

आणि सीमावहिनींना सांग, लाटणं जवळ ठेवा. त्यांची हाक मला ऐकू येणार नाही, पण लाटणं पाठीला कळेल. त्यांनी जोरात आपटावं. मग येणारे दोन सूर मला स्वतःला मोजायचे आहेत.

तुझा,
फेलिक्स